येळवशीची आंबील

आमच्या मुखेडकडच्या माणसाला दिवाळी चुकलेली चालते, येळवस नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला अख्खं गाव रानात जेवतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील पोटाला तडस लागेपर्यंत प्यायची.

कडबा आणि ज्वारी घरचीच असे. आजोबांच्या वेळचं बियाणं आई राखेत घोळवून गाडग्यात ठेवायची.

पुढे पावसाचं तंत्रच बिघडलं. पेरणीच्या दिवसांत पाऊस हटेना, रानाला वाफसा येईना. लागोपाठ दोनदा ज्वारी हातची गेली. मी नांदेडला मास्तरीण, शिकवायची खोड घरीही जात नाही. वडिलांना म्हटलं, "आबा, ज्वारीचा नाद सोडा. सोयाबीन निघालं की हरभरा टाका, त्याला उशीर चालतो."

"बगू," आबा म्हणाले. "पर एक तुकडा ज्वारीला ठिवतो. बी जितं राहाया पायजे."

हरभरा साधला. मी चार लोकांत मिरवलं. तुकड्याचं काय झालं, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

यंदा येळवशीला गेले तर कोप कडब्याऐवजी तुराट्यांची, वर निळी ताडपत्री. मला ते बघवेना, म्हणून हरभऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "बघा, माझं ऐकलं ते बरं झालं की नाही?"

"हाव," आबा म्हणाले. घाटे खरंच मस्त भरले होते.

आंबील तोंडाला लावली आणि लहानपणची ती चव आली. विकतच्या ज्वारीला ती कधीच येत नाही. शहरात किती वर्षं मी तिच्यासाठी तरसले! तिसरी वाटी मागताना विचारलं, "आई, ही ज्वारी कुठली गं?"

"आपलीच, गाडग्यातली. मागल्या साली तुकड्यात पानी, यंदाबी पानीच. पेरनंच झालं न्हाई. मूठभर वल्या फडक्यात बांधून बगितलं, एक दाना उगवला न्हाई. मग धुऊन, वाळवून दळलं. सनाला तरी लागली."

मी वाटी खाली ठेवली. ज्वारीचा नाद सोडायला मीच सांगितलं होतं, आणि त्या शेवटच्या बियाण्याची चव मीच मिटक्या मारत घेत होते. आबांकडे बघायची हिंमत होईना.

त्यांनी स्वतःची वाटी माझ्या वाटीत रिकामी केली. "पी," म्हणाले, "तुला लई आवडती."