एक पायरी म्हणजे दहापट

नरहरी गुरुजींची नि माझी पहिली गाठ पडली ती आमच्या मुळशी खोऱ्यातल्या गावच्या शाळेत. ते मुख्य शिक्षक, मी गावचाच, नवा दुय्यम. भिंतीवर त्यांनी खडूने एक शिडी काढली होती. तळाशी भाताचा दाणा. दहा दाणे ओळीने लावले की मुठीची रुंदी. दहा मुठी एकावर एक रचल्या की वासराची उंची. तशी दहा वासरे, की आंब्याचे झाड. "एक पायरी म्हणजे दहापट," ते मुलांकडून घोकून घेत. मला वाटले, काय हा पोरखेळ!

मग धरण बांधायला घेतले. पाणी कुठवर येणार, हे गुरुजींनी देवळापुढे सर्वांना त्याच शिडीने समजावले. आमच्याकडे मोठ्यात मोठे पाणी म्हणजे आज्याच्या काळातला पुरुषभर पूर. गुरुजी म्हणाले, "हे त्याच्या दुप्पट नव्हे, दहापट आहे."

माझे वडील, आप्पा, हसले. "मास्तर, लई झालं तर दुप्पट धरू. पानी काय डोंगार चढतंय व्हय?"

आप्पांनी पुराच्या दुप्पट उंचीचे टेपाड हेरून तिथे घर हलवले. साऱ्या भावकीने तेच केले. गुरुजींना हे मुळीच पटत नव्हते, तरी त्यांनी आमचे वासे स्वतःच्या खांद्यावरून वर नेले आणि वाटभर आप्पांची विनवणी केली, "अजून वर चला हो!" आप्पा कसले ऐकतात!

श्रावणात पाणी टेपाडाला लागले आणि थांबले नाही. बियाण्याची कणगी भिजून फुटली. घरात कंबरभर पाणी असताना आप्पा उंबऱ्याशी खांब धरून उभे होते. गुरुजी पाण्यात उतरले आणि त्यांना धरून बाहेर घेऊन आले. "मी सांगत होतो," हे शब्द ना त्या दिवशी, ना नंतर कधी त्यांच्या तोंडून निघाले. आप्पांच्या उपरण्यात मूठभर कोरडे भात उरले होते. गुरुजी म्हणाले, "आप्पा, एका दाण्याचे दहा, दहांचे शंभर. बियाणे पुन्हा होईल."

"दानं वाढत्याल, मास्तर," आप्पा म्हणाले. "जिमीन कुटं वाढतीया?"

 मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर गुरुजी अजूनही शोधत आहेत.

आप्पा त्याच वर्षी गेले. माझ्याकडे आज वीतभरही जमीन नाही. गाव बुडाले; गुरुजींची शाळा आता शेजारच्या कोळवणात, एका गोठ्यात भरते. तिच्यामागे एक लहानसा वाफा आहे. दर पावसाळ्यात गुरुजी तिथे आप्पांच्या उपरण्यातल्या त्या भाताचे बियाणे पेरतात, कापतात आणि त्यातले मूठभर पुढच्या वर्षासाठी राखतात. दहापट होते, पण पेरायला वाफा तेवढाच.

गुरुजींना साठ वर्षे पूर्ण झाली. त्यांच्यासाठी शिडीची एक पायरी वर, म्हणजे सहाशे वर्षे मागावीत, तर ते मलाच रागावतील. म्हणून एवढेच मागतो: गुरुजींचे हातपाय धड राहोत, कंबर पेरणीला वाकती राहो, त्यांना पुष्कळ पावसाळे लाभोत. आमच्या गावचे जे काही पाण्याबाहेर उरले आहे, ते त्यांच्या मुठीत आहे.