आमच्या घरमालकांचं नाक

जगातले सगळे घरमालक एकाच माळेचे मणी असतात, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी छापून वाटलेलंही आहे. त्या माळेतला एकच मणी घरंगळून संगमनेरात, पुण्याच्या रस्त्यापासून जरा आत, एका गल्लीत येऊन पडला होता, आणि माझं दुर्दैव असं की मी नेमकी त्याच्याच खोलीत भाड्यानं राहायला गेले. दुर्दैव एवढ्यासाठी, की भांडायला मुद्दाच मिळेना. तुम्ही कुठल्या जातीचे, घरी किती वाजता येता, मटण शिजवता का, पाहुणा किती दिवस राहणार, यातलं काहीही आमच्या घरमालकांनी कधी विचारलं नाही. ते फक्त एवढंच विचारत, की जे काही शिजवता ते ज्या शेगडीवर शिजवता, तिच्या नळीवरची तारीख शेवटची कधी वाचली होती. मी खोली बघायला गेले तेव्हा संडास कुठे आहे ते मला दाखवायचं राहिलं, पण टाकी शेगडीच्या खालच्या पातळीवरच का ठेवायची, हे त्यांनी उकिडवं बसून समजावून सांगितलं. "गॅस जड असतो. आळशी मानसासारखा खाली जाऊन बसतो. त्याला उठवून बाहेर काढावं लागतं."

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणे. ते एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माईक हातातून सुटला तरी गळ्यातून सुटला नव्हता. पाणी आलं, वीज गेली, कुणाचं कुरिअर आलं, हे सगळं ते अंगणात उभे राहून, एक हात कानाला लावून जाहीर करत. "भाडेकरूंनी कृपया लक्ष द्यावे. खोली नंबर दोनचं दूध उतू जाण्याच्या मार्गावर आहे." आणि ते खरंच जात असे, कारण ही बातमी त्यांना काकूंकडून मिळालेली असे. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या ओट्यावर खुर्ची टाकून गवार मोडत बसत आणि बसल्या जागी सगळ्या खोल्यांचा स्वयंपाक वासावरून ओळखत. "तीन नंबरच्या आमटीत आज हिंग न्हाई," असं त्या म्हणाल्या, की मी मुकाट्यानं हिंगाची डबी उघडत असे.

आप्पांच्या आयुष्यातला मोठा सण म्हणजे गॅसची वार्षिक तपासणी. आपल्याकडे घरमालकानं भाडेकरूचा गॅस दरवर्षी तपासावा असा कायदा नाही. पण विलायतेत तो आहे, घरमालकाला तिथे दरवर्षी तसा दाखलाच द्यावा लागतो, असं आप्पांनी भेळीच्या कागदावर वाचलं होतं. कागदाचा पुढचा भाग भेळीबरोबर भिजून गेल्यामुळे कायद्याचा तपशील कळला नाही, पण तो त्यांनी मनानंच पुरा केला. "आपल्याकडं कायदा नाही म्हणून काय झालं? गॅस तर तोच हाय ना," असं ते म्हणत. मुहूर्त त्यांनी खंडेनवमीचा धरला होता. त्या दिवशी शेतकरी औतं पुजतो, गवंडी थापी पुजतो, मग भाडेकरूनं रेग्युलेटर का पुजू नये?

तर खंडेनवमीच्या सकाळी घोषणा होई. मग आप्पा बादली, साबणाची वडी आणि दाढीचा ब्रश घेऊन एकेका खोलीत शिरत. फेस करून तो नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरच्या मानेला असा हळुवार लावत, की टाकीला आता तुरटी फिरवतात की काय असं वाटे. बुडबुडा आला तर लिकेज. ब्रश तोच, ज्यानं ते स्वतःची दाढी करत. त्यामुळे त्या दिवशी आप्पांना रबराचा वास येई आणि टाक्यांना आप्पांचा. फेसानंतर ते फरशीवर चक्क पालथे पडत आणि नाक जमिनीला लावून जोरजोरात हुंगत. मग मान उचलून दारात उभ्या असलेल्या काकूंकडे बघत. काकू मान हलवत. त्यानंतरच निकाल जाहीर होई. पास झालेल्या रेग्युलेटरला हळदकुंकू आणि शेगडीच्या बटणांवर झेंडूचा हार. नापास झालेल्या खोलीचा गॅस बंद, आणि नळी किंवा वायसर बदलेपर्यंत त्या खोलीनं जेवायला आप्पांकडे यायचं.

हा शेवटचा नियम नियम म्हणून फार कच्चा होता. एक नंबरच्या खोलीत शेवगावचा एक जण राहत असे, दुधाचा टेम्पो चालवणारा. काकूंचं पिठलं एकदा खाल्ल्यापासून त्यानं आपली भेगाळलेली नळी जिवापाड जपली होती. बदललेली चांगली नळी तो तपासणीच्या आधी काढून ठेवायचा आणि जुनी लावून, टाकीचा खटका बंद ठेवून, निकालाची वाट बघत बसायचा. "आप्पा, लई वाईट वाटतंय, पन नापासच की वो मी," असं म्हणताना त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसायचं. शेवटी काकूंनीच त्याला सांगितलं, की बाबा, पास होऊनही पिठलं मिळतं.

मी मात्र या सगळ्याच्या विरोधात होते. आमच्या घरी वडिलांच्या चळवळीची इतकी पत्रकं असायची, की मी अक्षरं गिरवली तीही त्यांच्या कोऱ्या बाजूवर. घरमालकानं भाडेकरूच्या स्वयंपाकघरात शिरून पालथं पडणं हा खासगीपणावरचा उघड हल्ला होता. शिवाय आप्पांनी गॅसला बाहेर जायला वाट हवी म्हणून सगळ्या खोल्यांच्या दारांना खाली चौकोनी भोक पाडलं होतं, आणि त्या वाटेनं गॅस कधी बाहेर गेला नाही तरी गल्लीतली मांजर रोज आत येई. तक्रार केली तर आप्पा म्हणत, "मांजर येतंय म्हणजे हवा येतीय. चांगली खूण हाय." तेव्हा मी 'भाडेकरूंनो, आपलं दार आपलं आहे' असं पत्रक काढलं आणि गल्लीभर वाटलं. संध्याकाळी आप्पा ते हातात घेऊन माझ्या दारात उभे. मी वादाला तयारच होते. त्यांनी पत्रक उलटं केलं. "पुढारीणबाई, मागची बाजू कोरी सोडलीस. एवढा कागद वाया." दुसऱ्या दिवशी उरलेल्या सगळ्या प्रती त्यांनी नेल्या आणि मागे रबरी शिक्का मारून आणला: 'रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करावा.' माझ्या आयुष्यातलं एवढंच एक पत्रक लोकांनी फाडलं नाही. ते अजून कित्येकांच्या स्वयंपाकाच्या ओट्यामागे चिकटवलेलं आहे, अर्थात मागची बाजू पुढे करून.

मग काकू गेल्या. साध्याशा आजारानं, फार बोलबाला न करता गेल्या. आप्पांच्या घोषणा महिनाभर थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या त्या अशा, की तपासणी वर्षाची राहिलीच नाही. दर आठवड्याला आप्पा दारात. फरशीवर पालथे पडत, हुंगत, मग मान उचलून आमच्याकडे बघत आणि परीक्षकाच्या करड्या आवाजात विचारत, "काय, वास येतोय का?" आम्हाला वाटे, आमची परीक्षा घेताहेत. आम्ही घाबरून नाक वर करत असू.

त्यांचा मुलगा पुण्यात आठव्या मजल्यावर राहत असे. भला माणूस, पण बापाच्या एकटेपणानं धास्तावलेला. दर दसऱ्याला तो यायचा, सोनं द्यायचा, आणि काकू गेल्यापासून दर फोनवर तेच बजावायचा: बाबा, ज्या दिवशी गॅस चालू राहिला असं कळेल, त्या दिवशी बॅग भरायची. आप्पांना आठव्या मजल्याची भीती नव्हती. तिथे गॅस पाइपातून येतो, टाकीच नसते आणि अंगणही नसतं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. "घोषणा कुनापुढं करू तिथं? लिफ्टपुढं?"

काकू गेल्यानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला आम्ही सगळे पास झालो. दुपारनंतर मी आप्पांकडे वर्तमानपत्र परत द्यायला गेले, तर ओट्यावरच गॅसचा भपकारा आला. आत आप्पा शेगडीपासून हातभर अंतरावर पाटावर बसून उरलेले झेंडू ओवत होते, प्रसन्न मुद्रेनं. "ये पुढारीण. मगाचा चहा उतू गेला, परत ठेवतो," असं म्हणून त्यांनी लायटर उचलला. मी त्यांचा हातच धरला.

"का गं?"

"आप्पा, वास."

"कसला?" म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. आवाज मात्र परीक्षकाचा नव्हता. "येतोय? लई येतोय का?"

तेव्हा मला कळलं, की आठवड्याला येऊन ते आमची परीक्षा घेत नव्हते. खरोखरच विचारत होते.

मी ओरडून हाक मारली तसा टेम्पोवाला धावत आला आणि आल्या आल्या पंखा लावायला बटणाकडे वळला. आप्पांनी स्टँडवरच्या सगळ्या वर्षांचा आवाज एकवटून त्याला जागच्या जागी उभं केलं: "हात मागं. बटनाला हात न्हाई." मग त्यांनीच रेग्युलेटर बंद केला, दारंखिडक्या सताड उघडल्या आणि आम्ही तिघांनी पोत्यांनी जमिनीलगतची हवा दाराकडे लोटली. आळशी माणसाला उठवून बाहेर काढलं. शेगडी तपासली तर बटणाच्या मागे झेंडूच्या हाराचा दोरा गुंतलेला. उतू गेलेल्या चहानं ज्योत विझली होती आणि दोऱ्यामुळे बटण पुरतं फिरलंच नव्हतं. काकू दर वर्षी पूजा झाली की बटणांवरचा हार काढून देवाजवळ ठेवत आणि मगच चहा टाकत. ही मधली पायरी आप्पांनी कधी पाहिलीच नव्हती. ते तेव्हा अंगणात उभे राहून निकाल जाहीर करत असत.

अंगणात बसल्यावर आप्पा म्हणाले, "डिझेलच्या धुरात नाक कवाच गेलं माझं. ती म्हनायची तपकिरीनं गेलं. नाक तिचंच हुतं सगळ्या खोल्यांना." दोन नंबरमध्ये राहणाऱ्या सिस्टर, जामखेडच्या, दवाखान्यातून आल्या आणि त्यांना सगळं सांगितलं. उद्या दसरा. उद्या मुलगा येणार आणि आप्पा कसे आहेत ते आम्हाला विचारणार. टेम्पोवाला म्हणाला, "आपन काय बी बोलायचं न्हाई. इचारलं तर म्हनायचं, आप्पा ठणठणीत." सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण खरं बोलण्याचा ठेका गल्लीत माझ्याकडे होता. आप्पा एवढंच म्हणाले, "तिला खोटं बोलाया लावू नका. तिला जमत न्हाई, लगीच पत्रक निघंल."

दसऱ्याला मुलगा आला. सोनं दिलं, पाया पडला, आणि अंगणात आम्हा तिघांना उभं करून विचारलं, "खरं सांगा, बाबा नीट आहेत ना? गॅसबिस?" टेम्पोवाला आभाळाकडे बघू लागला. सिस्टरांनी पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं. मी तोंड उघडलं, आणि काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही, कारण तेवढ्यात आप्पांनी ओट्यावर उभं राहून एक हात कानाला लावला.

"भाडेकरूंनी व पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी कृपया लक्ष द्यावे. काल झालेल्या तपासणीत मालकाची खोली नापास झालेली आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मुलाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाबा, बॅग भरा." आप्पा खरंच आत जायला वळले.

"ओ भाऊ, थांबा की," टेम्पोवाला म्हणाला. "नियम हाय इथं. नापास खोलीचा गॅस बंद अन् जेवान दुसऱ्या खोलीत. पुन्याला न्यायाचा नियम न्हाई."

"आणि पुन्हा असं झालं तर? त्यांना वास येत नाही, हे तुम्हाला तरी माहीत होतं का?"

"आता झालंय ना माहीत," सिस्टर म्हणाल्या. "रोज संध्याकाळी आमच्यातलं एक जण येऊन वास घेऊन जाईल. टाकी त्यांची, नाक आमचं."

"रोज?"

"आमी रोज हायच की हितं," टेम्पोवाला म्हणाला. "नाक काय शेवगावला ठिवून येतो व्हय?"

त्या दिवशी नियमाप्रमाणे आप्पा सिस्टरांच्या खोलीत जेवले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगाही. तिखट शेंगदाण्याच्या आमटीनं त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. निदान कारण तेवढंच दिसत होतं. मांजर दारातल्या भोकातून आलं आणि त्याच्या मांडीवर बसलं. "हवा येतीय," आप्पा म्हणाले. जाताना मुलगा पुढच्या खंडेनवमीपर्यंतची मुदत देऊन गेला. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून स्वतःच्या दारालाही भोक पाडलं.

मग रोज संध्याकाळी आमच्यातलं कुणीतरी आप्पांच्या स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर पालथं पडे. आप्पा वर उभे राहून बघत. "नीट घे वास. घाई नको." मी एकदा उभ्यानंच हुंगलं तर मला परत झोपायला लावलं. निकालानंतर चहा मिळे. काकूंच्या मानानं आमची नाकं भरड होती, हे ते रोज बोलून दाखवत आणि तरी रोज विचारत. पुढच्या खंडेनवमीला मुलानं स्वतः फेस लावला, आणि मुदतीचा विषय निघालाच नाही.

मी आता नगरला असते. इथल्या घरमालकानं पहिल्याच दिवशी माझं आडनाव विचारलं आणि नळीकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्याच्यावर पत्रक लिहून तयार आहे. खंडेनवमीला सकाळीच आप्पांचा फोन येतो. "तपासला का तुझ्या मालकानं गॅस?" मी नाही म्हणते. मग ते मला फेस करायला लावतात, हार बांधायला लावतात आणि आठवणीनं काढायलाही लावतात. शेवटी म्हणतात, "फोन खाली धर. जमिनीजवळ." मी फोन फरशीवर ठेवते आणि त्याच्या शेजारी पालथी पडते. पलीकडून आप्पा जोरजोरात हुंगत असल्याचा आवाज येतो. मग तो थांबतो आणि ते माझ्या उत्तराची वाट बघतात.

"नाही येत, आप्पा," मी म्हणते.

"मग पास," ते म्हणतात, आणि फोन मात्र ठेवत नाहीत.