सात वेशींचा बारदाना

आमच्या घरात एक राज्य होतं आणि ते आढ्याला सुतळीनं टांगलेलं असायचं. बाबा अमरावतीच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. रुईच्या गाठी बांधायचा जाड बारदाना फाटला की तो मजुरांना घरी न्यायला मिळायचा. माय त्याची पायपुसणी करायची. त्यातला एक धड तुकडा माझ्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं, मायशी भांडून मिळवला आणि त्यावर कोळशानं आणि कावेनं अख्खा मुलूख काढला. सात वेशी, दोन जंगलं, एक वाकडी नदी आणि अगदी शेवटी, सातव्या वेशीच्या आत, एक तळं.

राजापेठेपलीकडच्या आमच्या वस्तीत पोरांना खेळांची काही वानवा नव्हती. विटीदांडू होता, लगोऱ्या होत्या. पण अक्काचा खेळ एकदा खेळलेलं पोर पुन्हा लगोऱ्यांकडे फिरकत नसे. पहिल्या बारदान्यावर तीनच वेशी होत्या. तो झिजला तेव्हा तिनं दुसरा काढला, आणि पहिल्यातल्या चोराची मुलगी दुसऱ्यात सावकारीण होऊन बसलेली निघाली. कोणता बारदाना भारी यावरून वस्तीत मारामाऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत, एक तर मीच सुरू केली होती. मी सांगते आहे ती गोष्ट तिसऱ्या बारदान्याची.

अक्का स्वतः कधी खेळली नाही. ती जंगल व्हायची, नदी व्हायची, वाटेत भेटणारा लबाड म्हातारा व्हायची. खेळायचो आम्ही तिघं, मी आणि शेजारची दोन भावंडं. चिंचोके फोडून त्यांच्या चार फाका केलेल्या होत्या. त्या उधळायच्या आणि पांढऱ्या बाजूनं किती पडल्या ते पाहायचं. प्रत्येकाचा एक माणूस असे, आणि त्या माणसाचा स्वभाव सोडला तर अक्का सरळ एक वेस मागं ढकलायची. माझा घोडेस्वार होता. म्हणजे हिरव्या बांगडीचा एक तुकडा. तो कधी खोटं बोलत नसे, एका पायानं लंगडा होता आणि वटवाघळांना भ्यायचा. ती भीती माझीच होती, मी त्याच्या गळ्यात घातली होती.

दर बैठकीला बारदाना पसरला की अक्का मांडी घालून बसायची आणि विचारायची, "कुठवर आल्तो आपण?"

तिला ठाऊक नसे असं नाही. पण ते आम्ही सांगायचं असा कायदाच होता. वेस कोणती, वाटेत काय झालं, आपल्या गाठोड्यात काय काय आहे. जे सांगता आलं नाही ते हरवलं. त्यामुळे मी शाळेत पाढे म्हणताना अडखळायची, पण माझ्या घोडेस्वाराच्या गाठोड्यात एक दोरखंड, एक तलवार आणि फुटाण्यांची पुरचुंडी आहे हे झोपेतही सांगितलं असतं.

आता या राज्यात देवही होता. सातव्या वेशीच्या आत त्याचं देऊळ, देवळासमोर ते तळं, तळ्यात अमृत. कुणाचा माणूस मेला की बाकीच्यांनी एकेक डाव सोडून तप करायचं, देव प्रसन्न व्हायचा, अमृताचा थेंब पडायचा आणि मेलेला उठून बसायचा. तप करायचा मला फार कंटाळा यायचा, पण माझा घोडेस्वार त्या थेंबावर एकदा उठलेला होता, म्हणून तोंड मिटून बसत असे.

मग त्या दसऱ्याला बाबा नि माय नागपूरला गेले. एकटेच नव्हे, आमची सगळी वस्तीच लोटली म्हणा ना. पांढरे कपडे घालून गेले आणि बौद्ध होऊन आले. आल्यावर बाबांनी घरातले देव फडक्यात बांधले आणि नदीला देऊन आले. बुद्धाची तसबीर यायला थोडे दिवस होते, तेवढ्यात भिंतीतल्या रिकाम्या देवळीत अक्कानं चिंचोके ठेवून घेतले. घरात एकदम जागा झाल्यासारखं वाटायचं, मला तर फार बरं वाटलं.

पण रविवारी जिनिंगला सुट्टी होती आणि बाबा घरी होते. आम्ही बारदाना पसरून बसलो होतो. ते वाकून पाहू लागले. त्यांचं बोट नदीवरून, जंगलातून, वेशींवरून सरकत सरकत देवळापाशी येऊन थांबलं.

"हे काय हाय?"

"देऊळ," अक्का म्हणाली.

"म्हंजे घरातले देव मी नदीत सोडले अन् तुमी बारदान्यावर आनून बसवले?"

"बाबा, हा खोटा देव हाय. खेळातला."

"अन् घरातले खरे होते काय?"

आत भाकरी थापणारी माय हसली. अक्काला मात्र हसू आलं नाही. तिनं समजावून सांगितलं, की देव काढला तर मेलेल्या माणसाला उठवणार कोण?

"कोनीच नाई," बाबा म्हणाले. "मेलेला वापस येत नाई. इथं बी नाई."

"मंग खेळ दोन दिसांत संपन."

"मंग सांभाळून खेळा."

झालं. बाबांचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. अक्का आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. मला वाटलं, खेळ गेला. पण ती आपलं राज्य उकलून पुन्हा शिवत होती. पूर्वी तलवार देवाच्या वरदानानं मिळायची, आता लोहाराच्या भात्यापाशी दोन डाव राबावं लागणार होतं. चौथ्या वेशीवर जखीण होती, तीही गेली, कारण भूतखेतही बाबांना चालणार नव्हतं. तिच्याऐवजी सातव्या वेशीच्या आत आली तळ्याची किल्ली कमरेला लावून बसलेली एक बाई. ती लहानपणी तहानेनं तळमळली होती, म्हणून आता दुसऱ्या कुणाला घोट मिळू देत नव्हती. अशी गोष्ट अक्काला कुठून सुचली देव जाणे. म्हणजे, कोण जाणे. जुनी सवय जिभेवरून जात नाही.

आणि तळ्यात अमृत नव्हतं. पाणी होतं.

"सात वेशी चढून जायचं अन् नुसतं पानी?" मी फणकारले.

"नुसतं?" बाबा म्हणाले. "मायले इचार, नुसतं पानी काय असते ते."

मी मायला विहिरीच्या काठापासून लांब, रिकामी घागर घेऊन, कुणी वरून ओतेल म्हणून उभी राहिलेली पाहिलं होतं.

नव्या कायद्यानं मेलेला पहिला माणूस माझाच. पाचवी वेस आंधळी होती, तिथं उजेड लागायचा, म्हणजे निदान तीन पांढरे. माझ्या चारही फाका काळ्या पडल्या. घोडेस्वार दरीत गेला. मी अक्काकडे पाहिलं, अक्कानं बाबांकडे पाहिलं, बाबा पान लावत होते.

मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशीही सकाळी जेवले नाही.

"काहून रडून राहिली हे?" बाबांनी विचारलं.

"तिचा घोडेवाला मेला ना," माय म्हणाली. "उठवा म्हना बापा एक डाव. लेकराचा खेळ हाय."

बाबा माझ्याजवळ येऊन बसले. आता विरघळतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगला होता तुया घोडेवाला. कधी खोटं नाई बोलला." बस, एवढंच. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू! आज माझा नातू त्याच्या पडद्यावरच्या खेळात दिवसातून कितीदा तरी मरतो आणि बटण दाबून उठतो. तो उठला की मला अजूनही बाबांचा तसाच राग येतो.

अक्कानं माझ्यासाठी एक नवी वाट काढून पाहिली. मेलेला येणार नाही, पण त्याचं गाठोडं तो पडला तिथंच राहील. दुसरं कुणी तिथवर पोचलं तर ते उचलील आणि पुढं नेईल. मला हे पटलं नाही. मला गाठोडं नको होतं, मला माझा घोडेस्वार हवा होता. बांगडीचा तुकडा मी चिंधीत गुंडाळून ठेवला आणि खेळायचं सोडलं. मी नुसती बाजूला बसून तोंड वाकडं करायची.

त्यातच शेजारच्या दोन्ही भावंडांना गालफुगी झाली आणि खेळायला कुणी उरेना. देव परत येतो की काय यावर नजर ठेवायला बाबा रविवारी येऊन बसतच होते. अक्का म्हणाली, "बाबा, तुमीच बसा ना." त्यांनी आढेवेढे घेतले, कोपरीची एक गुंडी तोडून पहिल्या वेशीवर ठेवली आणि बसले.

"कोन होता तुमी? राजा?"

"राजे लय झाले," बाबा म्हणाले. "मी मशालवाला."

तलवार घेतली नाही, घोडा घेतला नाही. खांद्यावर मशाल घेतलेला माणूस! मला ते तेव्हा भित्रेपणाचं वाटलं. माझा घोडेस्वार उजेडावाचून मेला होता, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

आणि मग काय, बाबा खेळात असे रंगले की बिडी विझायची तरी पत्ता नाही. जेवायला हाक मारली की "थांब, नदी उतरून राहिलो" म्हणायचे. मायला वाटायचं एका वेडापायी घरात दुसरं वेड घुसलं. आंधळ्या वेशीवर त्यांना मशालीचा एक पांढरा जास्तीचा मिळायचा, तिथून ते आरामात पार झाले. दरीच्या तोंडाशी माझ्या घोडेस्वाराचं गाठोडं पडलं होतं. त्यांनी ते उचललं. दोरखंड, तलवार, फुटाणे. "पुरचुंडी ओली तं नाई झाली?" त्यांनी अक्काला अगदी गंभीरपणे विचारलं.

सहावी वेस हावेची होती. तिथं मिळालं तेवढ्यावर थांबायचं, पुन्हा टाकायचं नाही, नाहीतर वेस अंगावर कोसळते. बाबांना चांगलं दान पडलं होतं. आम्ही सगळे ओरडलो, थांबा! पण सातवी वेस समोर दिसत होती. त्यांनी चिंचोके उचलले आणि टाकले.

मशालवाल्याच्या अंगावर वेस कोसळली. बाबा त्या चिंचोक्यांकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "हातातून सटकले ते. फिरून टाकू दे एक डाव."

अक्का ताठ बसली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. "बाबा, मेलेला वापस येत नाई."

माय पदर तोंडात कोंबून हसत होती. बाबांचा चेहरा मात्र असा पडला की मला पहिल्यांदा त्यांची दया आली. क्षणभर वाटलं, चिडून बारदाना गुंडाळायला लावतील. त्यांनी गुंडी उचलली, बोटांत फिरवली आणि खिशात टाकली. मग ते माझ्याकडे वळले.

"गाठोडं पडलं हाय. तुया घोडेवाल्याचं हाय त्याच्यात, अन् माही मशाल. घेतं काय?"

मी घेतलं. घोडेस्वार म्हणून नाही, एक नवीच मुलगी म्हणून, पेटीकोटाचं बटण ठेवून. आम्ही तळ्यापाशी पोचलो तेव्हा किल्लीवाल्या बाईला आधी पाणी पाजायचं मला सुचलं, तेव्हा कुठे तिनं किल्ली सोडली. अक्कानं आतून खरंच पाण्याचा लोटा आणला आणि आम्ही सगळे एकाच लोट्यातून प्यालो. बाबाही प्याले, मेलेले असून.

पुढे खेळ सुटला. अक्का हुशार निघाली, शिक्षिकेच्या ट्रेनिंगला अकोल्याला गेली. बाबांनी संध्याकाळी वस्तीतली पोरं जमवून शिकवायला सुरुवात केली. स्वतः चौथी शिकलेले, पण पाढे मात्र खणखणीत. बसायला अंथरायचे ते आमचे जुने बारदाने. नदी, जंगलं, वेशी सगळं पुसट झालं होतं आणि त्यावर पोरं पाट्या घेऊन बसत.

जिनिंगच्या धुळीनं बाबांची छाती धरली होती. खोकला आधी हिवाळ्यात यायचा, मग बारा महिने राहू लागला, आणि साठीही न गाठता ते गेले. अक्का अकोल्याहून आली. घर माणसांनी भरलं आणि मग रिकामं झालं. मी मोठी झाले होते, तरी तेच मागत होते जे लहानपणी मागितलं होतं, आणि या वेळी कुणाकडे मागायचं तेही कळत नव्हतं.

माणसं पांगल्यावर एका संध्याकाळी वस्तीतली पोरं दारात येऊन उभी राहिली. हातात पाट्या. कुणी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं नव्हतं, आणि दुसरीकडे कुठं जायचं ते त्यांना माहीत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जा म्हणून ओरडायला मी उठलेच होते.

अक्का माझ्या आधी उठली. तिनं कोपऱ्यातला बारदाना ओढून अंगणात पसरला. बाबा बसायचे तिथं मांडी घालून बसली, पदरानं डोळे पुसले आणि पोरांना विचारलं, "कुठवर आल्तो आपण?"

पोरं बारदान्यावर येऊन बसली. मग मागच्या बाजूला बसलेली एक मुलगी म्हणाली, "बाराचा पाढा, अक्का. बारा सत्ते चौऱ्याऐंशी."

अंधारून आलं होतं. मी आत गेले, कंदिलाची काच पुसली, वात वर केली आणि तो आणून त्यांच्यामध्ये ठेवला. आणि लहानपणी ज्या पाढ्यांवर अडखळायची त्यातलाच पुढचा आकडा मी मोठ्यानं म्हटला. "बारा आठे शहाण्णव."