उघडं दार दिसलं म्हणून

या, इकडं जवळ सरका. मी हे लिहितेय खरी, पण मला बोलल्यासारखं केल्याशिवाय लिहिता येत नाही, तेव्हा तुम्हीही समोर बसल्यासारखे ऐका. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेवा बरं. महिना महिना तोंड दाखवायचं नाही, आणि आलात की मान खाली घालून बोट फिरवत बसायचं, ही कुठली पद्धत? म्हातारं माणूस काय भिंतीशी बोलणार? जोडून सुट्टी आली की आजी-आजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांना गाडीत घालून रिसॉर्टला जायचं, असे बेत आता घराघरांत चालतात. जा की, जरूर जा. पण त्याआधी एका रिसॉर्टमधला सोमवार सांगते, तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

पोलीस खात्यात मी शिपाई म्हणून लागले आणि अधिकारी होऊन निवृत्त झाले. खात्याच्या परीक्षा ठाण्यातल्या बाकड्यावर बसून दिल्या, शिकवायला कुणी नव्हतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं पुष्कळ विसरले. हे प्रकरण साधं बेपत्ताचं होतं, आणि तेच लक्षात राहिलं. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून आपल्यातच आहेत.

ऐन उन्हाळा होता. सकाळी ठाण्यात हजेरी आटोपली आणि ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरी पुढं केली. रात्री एक मिसिंग दाखल झाली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, रंग सावळा, अंगावर हिरवं लुगडं, धरणाकाठच्या रिसॉर्टमधून बेपत्ता. रात्रपाळीचे दोघे शिपाई जाऊन आले होते. त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाण्याचा काठ पाहिला, विहीर पाहिली, बंद खोल्यांची दारं काठीनं वाजवून "कोण आहे आत?" म्हणून विचारलं. कुठूनच उत्तर आलं नाही. पोरांनी आपलं काम नीट केलं होतं, त्यात मी आजही खोट काढणार नाही.

मी गाडी काढायला सांगितली तेवढ्यात ठाण्यातला फोन वाजला. पलीकडं एक बाई होत्या.

"साहेबांना द्या जरा."

"साहेब मीच. बोला."

"अगं बाई! बरं, ऐका. आम्ही पण काल त्याच रिसॉर्टला होतो. त्या म्हातारीची दोन्ही पोरं जेवणाच्या पंगतीत जोरात भांडत होती. म्हातारीला कुणी न्यायचं यावरून. माझं नाव कुठं घालू नका, पण त्या दोघांना जरा विचारा."

खबर खरी होती. पण खरी खबरसुद्धा माणसाला चुकीच्या वाटेनं नेते. मी जाताना धाकट्या फौजदाराला सांगितलं, पाण्यात गळ टाकायला बोटवाले बोलावून घे. माझ्या मनात वाईट शंका येऊन बसली होती.

कुटुंब शनिशिंगणापूरकडचं. थोरला नगरला एमआयडीसीत, धाकटा पुण्याला नोकरीत. वडील वारल्यापासून आई गावी एकटी. तिकडची घरं तुम्हाला माहीत आहेत ना? चौकट असते, दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी आडवी लावायची, नाहीतर पडदा सोडायचा. कडी-कुलूप नाहीच. आता काही ठिकाणी बसवतात म्हणे, पण जुनी माणसं ऐकत नाहीत. कुणाकडं गेलं की अंगणात उभं राहून हाक मारायची. आतून "ओ" आली की शिरायचं. उमेदीच्या वर्षांत माझी त्या भागात नेमणूक होती. पहिल्यांदा एका घरी तपासाला गेले आणि चौकटीवर काठी वाजवली, तर आतली आजी म्हणाली, "काय गं, मुकी हायस का? हाक मारता येत न्हाई व्हय?"

तर आईसाठी म्हणून ही सहल काढलेली. मुलं, सुना, नातवंडं, दोन गाड्या. आईला आता कुणाकडं ठेवायचं, हेही तिथंच हसतखेळत ठरवू, असा विचार होता. हसतखेळत कसलं ठरतंय!

रात्री फोनवरून तक्रार देऊन दोघंही भाऊ सकाळी बायकांसह रिसॉर्टवर परत आले होते. मी त्यांना वेगवेगळं बसवलं. थोरल्याला मॅनेजरच्या खोलीत, धाकट्याला जेवणाच्या शेडमध्ये. थोरल्याचे डोळे सुजलेले.

"म्याडम, मी आईला टाकून जाईन का?"

"मग गेलात कसे?"

"ती धाकट्याच्या गाडीत हाय असं वाटलं."

"वाटलं, की बघितलं?"

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "वाटलं."

"आधी कोण निघालं?"

"मी. जिच्या गाडीत आई बसंल, तिच्या घरी आई जाईल, असं बायका आपसांत बोलल्या हुत्या. मी पोरांना घाईनं बसवलं आन् काढली गाडी. म्हटलं, मागं राहिली म्हंजी त्याच्याकडं जाईल."

शेडमध्ये धाकटा ताठ बसलेला. शिकलेला, स्वच्छ बोलणारा.

"दादाची गाडी गेली तेव्हा आई कुठं दिसली नाही. म्हणजे दादानंच नेली, असं मी धरून चाललो."

"फोन करून विचारलं नाही?"

"कशाला विचारू?" तो एकदम चिडला आणि लगेच खाली पाहायला लागला. "त्यानं नेली असेल, तर मला पाहिजे तेच झालं होतं ना."

पोलिसांपुढं माणसं खोटं बोलतात, त्याची मला सवय होती. त्या दिवशी दोघंही खरं बोलत होते आणि मला ऐकवत नव्हतं. तरी शंका पूर्ण गेली नव्हती. दोन्ही गाड्या तपासल्या, जबाब ताडून पाहिले, रिसॉर्टच्या फाटकावरच्या माणसाला विचारलं. पायी जाताना म्हातारी त्याला दिसली नव्हती. पाण्यात बोट फिरत होती. ऊन चढत होतं. सिमेंटच्या वाटेवरून अनवाणी चालवत नव्हतं.

बाहेर पायरीवर दोन्ही सुना बसलेल्या, दोघींत हातभर अंतर. थोरली माझ्याकडं बघून मोठ्यानं बोलली, म्हणजे धाकटीला ऐकू जावं म्हणून.

"आमची दोन खोल्यांची जागा. तरी मी न्हाई म्हटलं नव्हतं. पन काहीजनींना एसीच्या खोलीत मिश्रीचा वास येतो."

"वहिनी, आता तरी पुरे करा," धाकटी म्हणाली. तिच्या मांडीवर औषधांची पिशवी होती. या पिशवीनंच सगळं उघडकीला आणलं होतं. सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या आपल्याच पर्समध्ये राहिल्या, हे पुण्याला पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, म्हणून तिनं जावेला फोन केला. जाऊ म्हणाली, "मग दे की त्यांना." ही म्हणाली, "अहो, त्या तुमच्याकडं आहेत ना?" आणि दोन्हीकडं फोन तसाच धरलेला राहिला.

मी तिच्याजवळ टेकले. म्हटलं, "शोधाचं राहू दे. दोन दिवस आईंनी इथं काय केलं, ते सांग."

"काही नाही हो. खोलीत बसतच नव्हत्या. दार लावलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. कोंडून घालता का म्हणायच्या. आम्ही एसी चालू म्हणून दार लावायचो, त्या उठून उघडायच्या. शेवटी वैतागून मीच म्हटलं, आई, तुम्हाला दार उघडं पाहिजे ना, मग बाहेरच बसा."

एवढं बोलून ती पिशवी तोंडावर धरून रडायला लागली. माझ्या डोक्यात मात्र त्या भागातल्या उघड्या चौकटी उभ्या राहिल्या. मी मॅनेजरला हाक मारली.

"काल दुपारी तुमच्याकडं सताड उघडं दार कुठल्या खोलीचं होतं?"

"सगळ्या खोल्यांना पाहुणे होते, म्याडम. दारं बंदच. हां, मागची नवी खोली होती उघडी. रंग दिलेला. वास जावा म्हणून उघडी ठेवलेली. निघताना रंगाऱ्यानं कुलूप लावलं. किल्ली त्याच्याकडंच आहे, तो गेला कोल्हारला."

"आत बघून लावलं का?"

"नुसत्या गाद्या रचल्यात तिथं. काय बघायचं? आणि रात्री तुमच्याच पोलिसांनी ते दार बडवलं की. कोणी असतं तर बोललं नसतं का?"

मी पळत निघाले. खोलीवर पत्रा, खिडकीच्या काचा बंद. शिपाई पहार आणायला धावला. दुसऱ्यानं दारावर थाप मारायला हात उचलला, तो मी धरला. दोघा भावांना म्हटलं, "दार वाजवायचं नाही. अंगणात उभे राहा आणि गावाकडं मारतात तशी हाक मारा."

"आई!" दोघं एकदम ओरडले. काही नाही.

"तशी नको. ग्लानीतलं माणूस आपल्या नावालाच ओ देतं. गल्लीतल्या बाया तिला काय म्हणून हाक मारायच्या?"

धाकट्याला आठवेना. तो भावाच्या तोंडाकडं बघायला लागला. थोरल्यानं दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि त्या बाईचं गल्लीतलं लाडकं नाव लांबवून घेतलं. पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला. दुसऱ्यांदा नीट आला.

आतून "ओ" आली. एवढीशी. गादीखालून यावी तशी.

कुलूप तोडलं. आत भट्टीसारखं तापलं होतं आणि रंगाचा वास डोक्यात शिरत होता. गाद्यांच्या थप्पीमागं ती भिंतीला पाठ लावून बसली होती, तोंडावर पदर ओढून, एखादी बाई परपुरुषांपुढं बसते तशी. ओठ फुटलेले. धाकटीनं पाणी लावलं, ते खाली ओघळलं.

नगरच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती जरा शुद्धीवर आली, तेव्हा डॉक्टरांना विचारून मी जबाबासाठी खाटेजवळ बसले. तो जबाब मी लिहून घेतला, पण त्याचा शब्द न् शब्द कागदाशिवायही माझ्याजवळ आहे.

"आजी, कोंडल्यावर हाक का नाही मारली?"

"मारली की. निजले हुते, उठून बगते तर दार लागल्यालं. तिकडं गानी लावल्याली, लई मोठ्यानं. कुनाला ऐकू जानार?"

"आणि रात्री पोलीस आले तेव्हा?"

तिनं मान वळवली. "काठी वाजीवली त्यांनी. कोन हाय म्हनले. आगं, कुलूप लावल्याल्या लोकाच्या घरात मी. चोरच म्हनले असते. आमच्या गावात असलं कुनी करत न्हाई. पोरांच्या तोंडाला काळं लागलं असतं. म्हटलं, गप बसावं. सकाळी पोरं येतील, हाक मारतील, मग ओ देऊ."

मला पुढचं विचारवेना. तिनंच माझा हात धरला.

"बाई, तुमी शहान्या दिसता. एक सांगा. कुनाच्या गाडीत बसले म्हंजी दोघांत भांडान व्हनार न्हाई?"

मी म्हटलं, "आधी बऱ्या व्हा, मग बघू." पोलिसातल्या माणसाला सांत्वनाचं बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. गावाकडं नेलं ते शववाहिकेतून. दोन्ही गाड्या मागनं आल्या.

तेरावा होण्याआधी थोरला ठाण्यात आला. "धाकट्यावर गुन्हा घ्या." मग धाकटा वकील घेऊन आला, "दादावर आणि रिसॉर्टवाल्यावर घ्या." रंगारी येऊन नुसता रडला. आमच्याकडं अकस्मात मृत्यूची नोंद झाली. निष्काळजीपणाचं कलम कुणाला लावायचं यावर वरिष्ठांकडं बराच खल झाला, आणि शेवटी ते कुणालाच लागलं नाही. प्रत्येकजण फक्त एवढंच धरून चालला होता, की ती दुसऱ्याकडं असेल. असं धरून चालण्याला कायद्यात कलम नाही. मी पुष्कळ शोधलं.

निवृत्त झाल्यावर एकदा त्या गावाकडं गेले होते. मुद्दाम त्या गल्लीत गेले. घर तसंच होतं, पण चौकटीला लोखंडी दार बसवलेलं, आणि दाराला हे एवढं कुलूप. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे. शेजारची बाई धुणं पिळता पिळता म्हणाली, "काय बगता, म्याडम? ती हुती तवा दार नव्हतं. आता आत कुनी न्हाई, तर कुलूप लावलंय."

परत येताना गाडीत खिडकीकडं तोंड करून बसले.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं विचाराल, तर सांगण्यासारखं थोडकंच आहे. गुन्हेगार नसतानाही माणूस मरतो. आणि भरल्या कुटुंबात हरवलेलं माणूस सर्वांत उशिरा लक्षात येतं. दोन गाड्या निघताना माणसं मोजायला कुणी पोलीस लागत नाही. पण त्या घरातली माणसं वाईट नव्हती, आणि तेच मला सोसत नाही. वाईट असती, तर बेड्या घालून मोकळी झाले असते.

असो. फार झालं. तुमची सहल करून या, म्हाताऱ्यांना सांभाळून न्या, आणि परतल्यावर माझ्याकडंही एकदा येऊन जा. मी घरातच असते. माझ्या दाराला घंटी आहे, पण ती वाजवू नका. फाटकाशी उभं राहून मला नावानं हाक मारा. मी ओ देईन. फक्त फार उशीर लावू नका.