एका तारेचा करार

देशपांडेकाकूंची अर्धी ओली साडी शेखभाभींनी हलकेच बाजूला सरकवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत मुलीचा गणवेश वाळत घातला. आमच्या गच्चीवर तार एकच आणि बिऱ्हाडं चार, तरी भांडण कधी ऐकलं नाही.

तेव्हा मी परदेशातल्या एका विद्यापीठाचा अर्ज भरत होतो. विषय, देशादेशांमधल्या वाटाघाटींवर पीएच.डी. ‘आपण स्वतः घडवून आणलेला एखादा समझोता सांगा,’ असा त्यात प्रश्न होता. माझ्या नावावर एकही नव्हता. तार पाहिली आणि वाटलं, सापडला!

मी चारही घरं फिरलो. कुणाचे वार कोणते, कुणाचं टोक कुठलं, सगळं कागदावर आणलं.

“इतकी वर्षं आम्ही चुकीचं वाळत घालत होतो का रे?” काकूंनी विचारलं. पण सही केली बिचारीने.

आज अर्जाची शेवटची तारीख, आणि आजच वाऱ्याने काकूंची साडी धुळीत पाडली. भाभी तिथेच उभ्या होत्या. एरवी त्यांनी ती केव्हाच उचलून झटकली असती.

“उचलू का भाऊ? तुमच्या कागदात बसतं ना?”

मी गोंधळलो. समझोता मी घडवला की होता तो मोडला? देशांचंही असंच होत असेल का? सह्या होतात, आणि मग पडलेलं उचलायलाही परवानगी लागते?

भाभी वाट पाहत होत्या. आणि मी, वाटाघाटींचा भावी डॉक्टर, खिशातून कागद काढून खरंच कलमं वाचू लागलो.