परातेचा अंदाज

आमची पोस्ट अठरा हजार फुटांवर होती. नऊ माणसं, एक रेडिओ. मी नायब सुभेदार. माझ्या हाताखाली हवालदार पराते. दोघंही नागपूरचे, मी प्रताप नगरचा, तो सक्करदऱ्याच्या विणकरांच्या घरातला.

सकाळी सहाला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारांसह मोर्चावर. मग पराते केरोसिनचा अंदाज सांगायचा. तो आकडे गोल करूनच बोलायचा. हाताशी जे आहे ते खालच्या दहावर आणायचा, जे लागणार ते वर न्यायचा. त्याच्या अंदाजावर विसंबून आम्ही कधी गारठलो नाही.

एका सकाळी साडेनऊला ॲव्हलांच आला, उतारावरचं बर्फ कोसळलं. शिपाई नितीन दबला. आठ मिनिटांत बाहेर काढला, पण श्वास नीट चालेना. ९:४० ला ऑक्सिजन लावला.

मी हेलिकॉप्टर मागितलं. रेडिओवर उत्तर आलं, "हेलिकॉप्टर फिफ्टीन हंड्रेड. ओव्हर."

सिलिंडर तीन होते. गेज बघून मी वहीत लिहिलं : ११८, ११२, ९६ मिनिटं. एकूण ३२६. दुपारी तीनपर्यंत ३२० लागणार. सहा मिनिटं शिल्लक.

"थांबू," मी म्हणालो.

"काहून, साहेब?" परातेनं वहीकडे पाहिलंही नाही; गेज त्यानंही बघितले होते. "एकशे दहा, एकशे दहा, नव्वद. तीनशे दहाच धरा. हेलिकॉप्टरले सहा घंटे धरा, म्हणजे तीनशे साठ. पन्नास कमी पडून राहिले. खालच्या कॅम्पले डॉक्टर आहे, ऑक्सिजन आहे. तिथं जायले साडेतीन घंटे लागतात, चार धरा. दोनशे चाळीस. सत्तर उरतात. त्याले घेऊन निघा."

एवढ्या हिशोबाला त्याला बुटाची लेस बांधायला लागतो तेवढाच वेळ लागला.

"आणि तू?"

"पोस्ट रिकामी कशी सोडता? मी रेडिओवर बसतो."

एक जवान त्याच्याजवळ ठेवून आम्ही सहा जण स्ट्रेचर घेऊन उतरलो. १:३५ ला खालच्या कॅम्पवर पोचलो. डॉक्टरांनी नितीनला आत घेतलं. ढगांमुळे हेलिकॉप्टर ३:५० ला आलं. वर थांबलो असतो, तर माझ्या वहीतला ऑक्सिजन ३:०६ ला संपला असता.

कॅम्पवर पोचल्या पोचल्या मी रेडिओवर सांगितलं होतं, "पराते, नितीन पोचला. ओव्हर."

"लय बेस झालं, साहेब. आउट."

२:२० ला पोस्टवर दुसरा ॲव्हलांच आला. परातेजवळचा जवान जिवंत निघाला. पराते निघाला नाही.

दरवर्षी त्या तारखेला नितीन आणि मी सक्करदऱ्याला जातो. परातेचे बाबा आता फार थकलेत. नितीन पाया पडतो. ते त्याला उठवतात, त्याच्या छातीवर हात ठेवतात आणि बराच वेळ काढत नाहीत.

"जेवून जा गा दोघंही," एवढंच म्हणतात.