खोल समुद्रातल्या प्राण्याचं बारसं, खामगावात

मंडळी, आज खामगावात मला किळस आली, आणि ती समुद्री प्राण्याची नव्हती.

माझी भाची करुणा हिने खोल समुद्रात एक नवा प्राणी शोधला. त्याला ती आपल्या धामणगाव बढेच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचं नाव देणार आहे. आज तिच्या सत्काराच्या स्टेजवरच इथले एक नेते म्हणाले, "मास्तरणीचं काऊन? आमच्या बाबांचं दे, पोरी. सत्कार आम्ही करून राह्यलो!"

करुणा शांतपणे म्हणाली, "साहेब, हा प्राणी ज्या भोकातून खाते, त्याच भोकातून हागते."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "चालते. पेपरात बाबांचा फोटो येईन ना?"

करुणाने शाल परत केली. नाव बाईंचंच राहणार.

त्या प्राण्याच्या भोकातून निदान भाषण तरी निघत नाही. मग सांगा, किळस कुणाची करायची?